याप्केची जागा

हिस्के उंच होती, म्हणून ती गडी झाली. चोवीस वर्षांची असताना ती पहिल्यांदा बेटावरच्या गावच्या नाचाला गेली, तेव्हा सभागृहात बायका अकरा आणि पुरुष दोन असा मामला होता. बाकीचे पुरुष नेहमीप्रमाणे समुद्रावर. फ्रौक्येची आई तेव्हा नाच शिकवायची. तिने हिस्केला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, डोक्यापर्यंत पोचायला तिला जरा वेळच लागला, आणि म्हणाली, "तू इकडच्या रांगेत ये. तू गडी." कोणाचं तरी काळं जाकीट आणि टोपी हिस्केच्या हातात आली. त्यानंतर चौतीस वर्षं, दर शनिवारी दुपारी, हिस्के गडीच होती.

पहिली एक-दोन वर्षं तिला लाज वाटली. नवरा सीब्रेन, ज्याचं धक्क्याजवळ भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं, तो चिडवायचा, "काय, आज माझा दादला कुठे निघाला?" एका जत्रेत तर पलीकडून, मुख्य भूमीवरून आलेल्या एका जर्मन बाईने हिस्केला डोळा मारला होता. ती गोष्ट सीब्रेन अजूनही प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतो. पण हळूहळू लाज गेली आणि सवय आली, आणि सवयीच्याही पुढचं काहीतरी आलं. डावा पाय आधी टाकायचा, जोडीदारणीच्या कमरेत हात घालून तिला तोलून धरायचं, गिरकीला वाट करून द्यायची, हे हिस्केच्या अंगात असं मुरलं की टपाल वाटायच्या सायकलवर चढतानासुद्धा तिचा डावा पाय जरा रुबाबात पडे.

तिची जोडीदारीण ग्रीत. बेकरीवाली ग्रीत, ठेंगणी, गोल, लाल गालांची. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की एखाद्या दीपगृहाशेजारी पिंप ठेवल्यासारखं दिसे. पण नाचायला लागल्या की हसणाऱ्याचं हसू तोंडातच राही. ग्रीतच्या पंज्याच्या वजनावरून हिस्केला कळायचं, आज घरी काहीतरी वाजलंय, किंवा गुडघा पुन्हा सुजलाय. ग्रीतला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा हिस्केला ते ग्रीतच्या नवऱ्याच्या आधी कळलं होतं. गिरकी घेताना ग्रीत हात जरा सांभाळून धरायला लागली होती, एवढंच.

बेटाचा मुख्य नाच म्हणजे जुनी चौकडी. चार गडी, चार बायका, समोरासमोर. टाच-चवडा, टाच-चवडा, मग अदलाबदल, मग गिरकी. अकॉर्डियनवर म्हातारा लीवे. शिकवायला आता आईच्या जागी खुद्द फ्रौक्ये. फ्रौक्येने तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही तिच्या हातातली पट्टी काही सुटली नव्हती. कोणाचा पाय चुकला की ती टेबलावर वाजे.

नोव्हेंबरात याप्के गेली. चौकडीतल्या दुसऱ्या जोडीतली ती बाई. सकाळी अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसली ती उठलीच नाही. बावीस वर्षं ती क्लासबरोबर नाचली होती. क्लास मेंढ्या पाळणारा, वर्षातून मोजून शंभरेक वाक्यं बोलणारा माणूस. याप्के गेल्यावर चौकडीत सात जण उरले, आणि सात जणांची चौकडी होत नाही. तीन महिने मंडळी दोघादोघांचे साधे नाच करत राहिली. मधल्या सुट्टीत कॉफी आणि एकेक बिस्किट खाताना जो तो क्लासकडे बघायचं टाळी.

आणि फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दार ढकलून याप्केचा नवरा आत आला.

डूके जन्मभर मालवाहू जहाजांवर इंजिनात काम करत आलेला. वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर, उरलेले घरी. सप्टेंबरात तो कायमचा घरी आला होता, आणि नोव्हेंबरात बायको गेली. त्या सभागृहात त्याने आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. दारात तो टोपी हातात धरून उभा राहिला. लीवेचे हात अकॉर्डियनवर थांबले.

"मला शिकायचंय," डूके म्हणाला. "जमेल का माहीत नाही."

मग फ्रौक्ये पुढे झाली, त्याचे दोन्ही हात धरून म्हणाली, "ये बाबा, ये. इतकी वर्षं लागली तुला!" आणि तिचे डोळे भरून आले. पण त्याच डोळ्यांत हिशेबही सुरू झाला होता, हे हिस्केने पाहिलं.

त्या हिशेबाला कारण होतं. गेल्या वर्षी पलीकडे, मोठ्या मेळाव्यात, परीक्षकांनी कागदावर शेरा मारला होता: पुरुषांच्या जागी स्त्रिया नाचवणे योग्य वाटत नाही. तो कागद फ्रौक्येच्या काळजात रुतून बसला होता. चार गड्यांतले खरे पुरुष दोनच, क्लास आणि बेकरीच्या समोरचा रोमर्त. आता तिसरा चालून आला होता. शिवाय चौकडीला आठवं माणूस मिळालं होतं.

कॉफी संपल्यावर तिने पट्टी वाजवली. "हे बघा. डूके ग्रीतबरोबर उभा राहील. ग्रीत पक्की आहे, ती कोणालाही ओढून नेईल. आणि हिस्के, तू याप्केच्या जागी ये. क्लासबरोबर."

"बाईच्या बाजूला?" हिस्केने विचारलं.

"मग? बाईच आहेस ना तू?"

सगळे हसले. हिस्केही हसली. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतं. बायको गेलेला माणूस आपण होऊन आला होता, त्याला सोपी जागा द्यायला हवी होती, आणि याप्केची जागा भरायला हवी होती. हिस्के रांग ओलांडून पलीकडे गेली आणि पहिल्यांदाच ग्रीतला समोरून न बघता बाजूने बघायला लागली.

त्या दुपारी जे झालं त्याला नाच म्हणणं कठीण. बाईचा उजवा पाय आधी पडतो. हिस्केचा डावा पडला आणि क्लासच्या नडगीवर बसला. गिरकीत क्लासच्या हाताखालून जायचं होतं, पण क्लास तिच्या खांद्याला लागत होता. ती गुडघे वाकवून, बदकासारखी, त्याच्या हाताखालून गेली. आणि शेवटच्या फेरीत ती सवयीने गडी झाली, क्लासची कंबर धरून तिने त्याला असा फिरवला की तो बिचारा थेट कॉफीच्या टेबलावर जाऊन आदळला.

"अगं, माणूस आहे तो, टपालाची थैली नाही!" रोमर्त ओरडला.

तिकडे ग्रीतचीही काही बरी गत नव्हती. डूके घामाघूम होऊन, ओठ घट्ट मिटून, आपल्या पायांकडे बघत होता, आणि ते पाय नेमके ग्रीतच्या बोटांवर पडत होते.

दुसऱ्या शनिवारी फ्रौक्येने हिस्केला याप्केचा काळा घागरा नेसायला दिला. तो तिच्या गुडघ्यापर्यंतच आला. "खाली पट्टी लावून देते," फ्रौक्ये म्हणाली. घरी गेल्यावर हिस्के बराच वेळ तशीच स्वयंपाकघरात बसून राहिली. सीब्रेनने वाटाण्याचं सूप पुढे ठेवलं.

"काय झालं?"

"काही नाही. मला बाई होता येत नाही."

सीब्रेनने सुपात पाव बुडवला. "छत्तीस वर्षं माझी काही तक्रार नाही," तो म्हणाला.

ती हसली नाही. तिसऱ्या शनिवारी हिस्केने निरोप पाठवला, पाठ धरली आहे. चौथ्या शनिवारीही पाठ धरलेलीच होती.

सोमवारी ग्रीत स्वतः ताजा पाव घेऊन आली. कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"पाठ कुठे दुखते गं?"

"सगळीकडे."

"खोटारडी. सकाळी तुला वाऱ्यात उभी राहून सायकल हाणताना बघितलंय मी." ग्रीतने बूट काढला आणि पाय वर उचलून दाखवला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. "हे बघ. तुला काय वाटतं, मी तिथे मजा मारतेय?"

"मग फ्रौक्येला सांगत का नाहीस?"

"काय सांगू? बायको गेलेल्या माणसाला म्हणू, तू नकोस, मला माझी हिस्के पाहिजे? आठवडाभर तो कोणाशी बोलत नाही, गं. शनिवारी चार माणसांत येतो. पायावर पाय पडला की दहादा माफी मागतो. मला तर त्याचीच जास्त कीव येते."

"मग सहन कर."

"करतेच आहे," ग्रीत म्हणाली आणि उठली. दारात थांबून तिने मागे न बघता म्हटलं, "तू मात्र घरी बसून मला एकटीला सोडलंस. ते काही बरं केलं नाहीस." आणि दार जरा जोरातच लावून ती गेली.

मार्च उजाडला होता, कुरणांवर टिटव्या परतल्या होत्या. डूकेचं घर हिस्केच्या टपालाच्या वाटेतलं शेवटून दुसरं, अगदी समुद्राच्या बांधाला लागून. दर महिन्याला याप्केच्या नावाने लोकरीच्या दुकानाचं पत्रक येई आणि ते वाटताना हिस्के पेटीत पटकन टाकून पुढे निघे. त्या बुधवारी मात्र पेटीचं झाकण उघडायच्या आतच दार उघडलं.

"कॉफी तयार आहे," डूके म्हणाला. "पाच मिनिटं."

हिस्केला जायचं नव्हतं. या माणसाचा तिला राग होता, आणि त्या रागाची तिला लाजही वाटत होती. पण बेटावर कॉफीला नाही म्हणणं जड जातं. ती मान वाकवून आत गेली. खिडकीत तसल्याच पत्रकांची छोटी चळत होती. डूकेने नवं त्यावर ठेवलं, कडा जुळवल्या.

"तू माझ्यामुळे येत नाहीस," तो म्हणाला.

"पाठ—"

"हिस्के, आपण एका शाळेत होतो. तू तेव्हाही खोटं बोलायला लागलीस की कान चोळायचीस."

हिस्केने कानावरचा हात खाली घेतला. मग तिलाच हसू आलं. "बरं. तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे. मला ती बाजू जमत नाही."

"मलाही माझी जमत नाही. म्हणून तर बोलावलं. मला शिकव. ग्रीतच्या पायांचं वाटोळं केलंय मी."

हिस्केने घड्याळ पाहिलं. वाटेत आता एकच घर राहिलं होतं. तिने थैली खाली ठेवली आणि त्याने टेबल भिंतीशी सरकवलं. "आधी एकटा करून दाखव. टाच-चवडा आणि गिरकी. मी तोंडाने वाजवते."

ती गुणगुणायला लागली आणि डूके मधोमध उभा राहिला. त्याने डोळे मिटले. उजवा पाय आधी. टाच, चवडा, टाच, चवडा, मग हलकी बगल देऊन बाहेरच्या बाजूने गिरकी, हात कमरेवर. एकही पाऊल चुकलं नाही. जाडजूड माणूस, पण फरशीवर आवाज नाही. हिस्केचं गुणगुणणं आपोआप थांबलं.

"हे तर बाईचं आहे," ती म्हणाली.

डूकेने डोळे उघडले. त्याचे कान लाल झाले होते.

"मला हेच येतं," तो म्हणाला. "दुसरं येत नाही. मी सुट्टीवर असलो की या खुर्चीत पेपर वाचत बसायचो. ती इथे, या फरशीवर सराव करायची. एकटीच. बावीस वर्षं. मी बघतोय असं कधी दाखवलं नाही, पण बघत होतो. दरवर्षी म्हणायची, चल की माझ्याबरोबर, एकदा तरी. मी म्हणायचो, निवृत्त झालो की येतो. ती गेल्यावर एक दिवस किटली तापेपर्यंत उभा होतो, आणि बघतो तर पाय आपले आपण चालायला लागलेले. तेव्हापासून रोज करतो. गड्याचा नाच शिकायला आलो नव्हतो मी, हिस्के. मला तिचा नाच नाचायचा होता. पण फ्रौक्येने जाकीट हातात दिलं. मी साठीचा, तगडा बाप्या. तिला काय सांगणार होतो? मला बायकांच्या रांगेत उभं कर?"

बाहेर बांधावरून क्लासच्या मेंढ्या ओरडत होत्या. मग ती पुढे झाली, डावा पाय सरसावून त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या कमरेत हात घातला.

"चल," ती म्हणाली. "आता जोडीने."

दोघं त्या छोट्या स्वयंपाकघरात चार फेऱ्या फिरले. पहिल्या फेरीत ओट्याचा कोपरा लागला, दुसऱ्या फेरीत खुर्ची पडली, तिसरी नीट झाली. महिनाभर हिस्केचे पाय परक्यांसारखे वागत होते. ते पुन्हा तिचे झाले. चौथ्या फेरीनंतर डूकेने चष्मा काढून सदऱ्याने पुसला, आणि तो पुसायला त्याला बराच वेळ लागला. कॉफी गार झाली होती. दोघांनी तशीच प्यायली.

"शनिवारी ये," हिस्के उठत म्हणाली. "मी बोलते."

"हसतील, हिस्के."

"हसू देत. पहिल्या वर्षी मलाही हसले होते."

शनिवारी तिने आत शिरताच, कोट काढायच्याही आधी, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. डूकेला बाईची बाजू येते, चांगली येते, याप्केकडून आलेली आहे. तो याप्केच्या जागी उभा राहील आणि मी माझ्या जागी. डूके दाराशी भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता.

फ्रौक्येने पट्टी खाली ठेवली. "हे बघ, भावना मला कळतात. पण बाप्याने बाईचा नाच करायचा? लोक काय म्हणतील?"

"चौतीस वर्षं मी बाप्याचा नाच केला. तेव्हा लोक काय म्हणाले?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

फ्रौक्येने दुसरीकडून सुरुवात केली. "आणि मेळावा? गेल्या वर्षी त्यांनी काय लिहिलं ते विसरलीस? आपल्या परंपरेचा प्रश्न आहे."

"कसली परंपरा?" हिस्केचा आवाज चढला. "तुझ्या आजीच्या काळात या बेटावर गडी होते कुठे? माझे आजोबा तर व्हेल मारायला गेले ते दोन-दोन वर्षं यायचे नाहीत. बायकाच बायकांबरोबर नाचायच्या. तीच आपली परंपरा. पलीकडच्या लोकांना काय ठाऊक?"

"माझी बोटं तरी वाचतील," ग्रीत मधेच म्हणाली. हिस्केकडे न बघता, पण तिच्या बाजूला सरकून.

"क्लासला विचारलंत का?" फ्रौक्येने शेवटचा बाण काढला. "त्याला डूकेच्या कमरेत हात घालावा लागेल. क्लास, तुला चालेल?"

सगळे क्लासकडे वळले. क्लास टोपी दोन्ही हातांत फिरवत होता. तो बोलणार नाही असंच सगळ्यांना वाटलं.

"बावीस वर्षं याप्के माझ्या या बाजूला होती," तो शेवटी म्हणाला आणि उजवा हात जरासा उचलून दाखवला. "तिसऱ्या गिरकीला ती घाई करायची. नेहमी. मी किती वेळा सांगितलं, सूर यायचाय अजून. ऐकायची नाही. मग मीच तिला जुळवून घ्यायला शिकलो." त्याने डूकेकडे पाहिलं. "गेल्या महिन्यात तू ग्रीतबरोबर चुकत होतास ना, तेव्हा मी बघत होतो. तिसऱ्या गिरकीला तू पण घाई करतोस. अगदी तिथेच. अगदी तेवढीच."

डूके भिंतीपासून दूर झाला. "करतो का?"

"करतोस. तू ते लांबून बघून शिकलास. त्या वेळी तिचा हात कसा असायचा, ते मला माहीत आहे. सांगतो तुला." एवढं बोलून क्लास दमला आणि त्याने टोपी डोक्यावर घातली.

फ्रौक्येने रुमाल काढून नाक शिंकरलं. पट्टी उचलली, पुन्हा ठेवली. पुढचं काही ठरायच्या आतच म्हातारा लीवे वाजवायला लागला. त्याला नंतर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, माझी बोटं गार पडत होती.

आठही जण आपापल्या जागी गेले. हिस्केने ग्रीतचा हात धरला. तो ताठ होता. ग्रीत अजून रागावलेली होती.

"माझं चुकलं," हिस्के तिच्या कानाशी वाकून म्हणाली.

"नाच आता," ग्रीत म्हणाली. दुसऱ्या फेरीपर्यंत तिचा हात मऊ पडला होता.

फ्रौक्येने मेळाव्याला पत्र लिहिलं: आम्ही आहोत तसे येऊ, नाहीतर येणार नाही. ते पत्र टपालाच्या थैलीत टाकताना हिस्केने ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं. मे महिन्यात उत्तर आलं. या, पण स्पर्धेबाहेर, जेवणानंतरच्या वेळेत. फ्रौक्ये दोन दिवस धुमसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ठीक आहे. त्या वेळी निदान परीक्षक झोपलेले असतात."

पण त्याआधी गावची जत्रा होती. जूनचा शेवटचा शनिवार. चर्चसमोरच्या हिरवळीवर बाकं मांडली होती, वारा नेहमीसारखा होता आणि झालरीच्या पांढऱ्या टोप्या सांभाळताना बायकांची त्रेधा उडत होती. डूके घागरा नेसणार का, यावर गावात पैजा लागल्या होत्या. तो रविवारचा काळा सूट घालून आला. खांद्यांवर मात्र त्याने याप्केचा लाल चौकड्यांचा रुमाल घेतला होता, पुढे गाठ मारून.

तो बायकांच्या रांगेत जाऊन उभा राहिला तेव्हा बिअरच्या तंबूपाशी तरुण पोरांच्या टोळक्यातून शिट्टी आली. मागोमाग हसू. "डूके, मुका मिळेल का?" कोणीतरी ओरडलं. डूकेची मान खाली गेली.

"माझ्याकडे बघ," क्लास त्याला म्हणाला. "तिकडे नको."

लीवेने सुरुवात केली. टाच-चवडा, टाच-चवडा. पहिल्या अदलाबदलीत आठ मात्रांसाठी डूके हिस्केकडे आला. त्याचा तळवा घामाने ओला होता. "श्वास घे," ती म्हणाली. त्याने घेतला आणि तो पुढे गेला. पहिली गिरकी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या गिरकीला तो सुराच्या जरासा आधीच फिरला, आणि क्लासचा हात तिथे आधीच येऊन थांबलेला होता. बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बायकांपैकी एकीने तोंडावर हात घेतला. दुसरी मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, ही तर याप्केच!" त्यानंतर शिट्टी आली नाही. तंबूपाशी हसणाऱ्यांतला एक जण आपला ग्लास खाली ठेवून बघत होता.

नाच संपला. टाळ्या झाल्या, खूप नाही, पण बराच वेळ झाल्या. आठही जण धापा टाकत उभे होते. तेवढ्यात हिस्केला दिसलं, गर्दीतून एक तरुणी वाट काढत सरळ डूकेकडे येत होती. डूकेची मुलगी योहाना. पलीकडे शहरात राहणारी, नर्स. बापाने तिला यातलं काहीच कळवलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच समजत होतं. ओठ घट्ट मिटलेले. हिस्के पुढे झाली. मुलगी काही बोललीच, तर मधे पडावं अशा बेताने.

"बाबा," योहाना म्हणाली.

"अगं, तू कधी आलीस? बोट तर—"

"सकाळच्या बोटीने आले. तुम्हाला चकित करायला." ती त्याच्या छातीवरच्या लाल रुमालाकडे बघत होती. "हा असा नाही बांधत. मधे गाठ मारली की नाचताना सरकतो. आई डाव्या बाजूला बांधायची."

तिने गाठ सोडली. तिचे हात क्षणभर त्या कापडावर तसेच राहिले. मग तिने रुमाल झटकला, त्याच्या खांद्यांवर नीट पसरला आणि डाव्या बाजूला पक्की गाठ मारली. डूके लहान मुलासारखा मान वर करून उभा होता.

"आता हलणार नाही," ती म्हणाली आणि मागे जाऊन बाकावर म्हाताऱ्या बायकांच्या शेजारी बसली. कोणीतरी सरकून तिला जागा दिली.

"हिस्के!" ग्रीत तिचं जाकीट ओढत होती. "काय बघत बसलीस? दुसरा नाच सुरू होतोय, आणि तुझं बटण सुटलंय."

हिस्केने बटण लावलं, टोपी सरळ केली आणि डावा पाय पुढे टाकून उभी राहिली.